तीर्थाचा आड

एकदा एका मठातील तरुण शिष्याची पाठ अचानक दुखू लागली. मठाच्या अंगणात एक जुना आड होता. त्याचेच पाणी तीर्थ म्हणून दिले जाई, आणि ते भाविकांच्या ओंजळीत घालण्याची सेवा या शिष्याकडे होती.

"ही सेवा दुसऱ्या कुणाला द्यावी, गुरुजी. वाकवत नाही."

"सकाळी आंब्यावर चढला होतास, तेव्हा वाकवत होतं वाटतं?" वृद्ध गुरू हसले.

खरे कारण निराळे होते. एक स्त्री आपल्या आजारी मुलासाठी रोज तीर्थ नेई आणि विचारी, "दादा, देव ऐकतोय ना?" तो "ऐकतोय" म्हणे. अलीकडे मात्र त्याला स्वतःलाच देव जाणवेनासा झाला होता. हे उच्चारले तर मठ सुटेल आणि त्या माउलीचा आधारही तुटेल, अशी त्याला धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी गुरूंनी विलक्षण आज्ञा केली, "आड पूर्ण उपसा."

रहाट फिरू लागला. ती स्त्री रिकामा तांब्या घेऊन धावत आली. "महाराज, पाणी गेलं आणि परत आलंच नाही तर?"

"तर इतकी वर्षं आपण काय वाटत होतो, ते तरी कळेल, बाई."

दुपार कलल्यावर तळ दिसला. कुजलेली फुले, दुर्वा, नारळाच्या शेंड्या, आणि त्यांचाच झालेला काळा गाळ. गुरूंनी शिष्याला दोराने आत उतरवले. टोपल्यांमागून टोपल्या वर गेल्या आणि खाली उघडा, कोरडा खडक उरला. आपले अंतःकरण असेच आहे, असे शिष्याला वाटले. वर आकाशाचा वाटोळा तुकडा, आणि त्यात गुरूंचे मस्तक.

"पाठ कशी आहे?" वरून प्रश्न आला.

"पाठ बरी आहे," तो पुटपुटला. "मला देव जाणवत नाही, गुरुजी. त्या ताईंशी मी रोज खोटं बोलतो."

आडात पुटपुटणेही लपत नाही. ते शब्द भिंतींवरून चढत काठावरच्या प्रत्येकाच्या कानी गेले. रहाट थांबला. मग त्या स्त्रीचा आवाज खाली उतरला.

"मलाही नाही रे जाणवत, दादा. म्हणून तर रोज विचारत होते."

शिष्य खाली वाकला. खडकाच्या चिरेत गाळाचा एक गोळा उरला होता. बोटांनी त्याने तो उकरला, आणि तळव्यांना गारवा जाणवला. चिरेतून पाणी येत होते. निर्मळ, शांत, कुठल्या अज्ञात खोलीतून कोण जाणे. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

वर आल्यावर त्याने विचारले, "आता माझं काय, गुरुजी?"

"झरा मी आणलेला नाही, बाळ. तो असेल की नसेल, हेही मला ठाऊक नव्हतं. एवढंच माहीत होतं की न बोललेलं तळाशी साचत जातं, आणि वरचं पाणी पाहून आपण सगळे निश्चिंत राहतो."

दुसऱ्या सकाळी ती स्त्री आली. "दादा, देव ऐकतोय ना?"

"ठाऊक नाही, ताई. बसा, बोलू."

ती बसली. दोघांच्या शेजारी, आडात, पाणी चढत होते.