टेकू काढताना

“मग कॉलेजच्या समारंभात बोलणार ना, सर?” प्राचार्य देवतळ्यांनी पुन्हा विचारलं.

निमगडे सर चष्मा पुसत राहिले. “काय बोलू?”

“हेच, की मायनिंगचा विभाग बंद करणं योग्य आहे. मुलं येत नाहीत. विभाग तुम्हीच सुरू केलात. तुम्ही एकदा बोललात, की जुने विद्यार्थी गप्प बसतील. मग मला ठराव मांडता येईल.”

“तूही जुनाच की बे.”

देवतळे हसले. ते हसू फार टिकलं नाही.

विभागाचा इतिहास देवतळ्यांना तोंडपाठ होता. कोळसा इथला, धूळ इथल्या माणसांच्या छातीत, आणि खाणीवरचे साहेब मात्र बाहेरून यायचे. इथल्या पोरांनी टोपल्या उचलायच्या. त्या दिवसांत निमगडे सरांनी पडक्या गोदामात फळा टांगला. टोपल्या उचलणाऱ्याचा पोरगा देवतळे तिथेच शिकला, खाणीचा मॅनेजर झाला, पुढे प्राचार्य झाला. हे सगळं ते भाषणात रंगवून सांगत.

कोळसा अजून निघतोच आहे आणि साहेब पुन्हा बाहेरून येऊ लागलेत, हे मात्र सांगत नसत.

“चल,” सर गुडघ्यावर हात देऊन उठले. “बोगद्यात जाऊ.”

मुलांना शिकवण्यासाठी कॉलेजच्या मागे एक नकली बोगदा बांधलेला होता. एकच तोंड, आत अंधार, छताला सागाचे टेकू. या जागेवर आता संगणकाची इमारत व्हायची होती.

पहिल्याच टेकूपाशी दोघं थांबले. सरांना तेवढ्यानंही दम लागला.

“टेकू काढताना कुठं उभं राहायचं?”

“सर, आता या वयात मला...”

“सांग.”

“वाटेच्या बाजूला. छत आलंच तर बाहेर पळता आलं पाहिजे.” देवतळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “पहिल्या दिवसाचा धडा आहे, सर. झोपेतही सांगेन.”

“हं...”

सरांनी कोपऱ्यातला घण दोन्ही हातांनी उचलला आणि टेकूवर घातला.

लाकूड करकरलं. वरून मातीचा लोट आला. देवतळे जीव घेऊन पळाले...

धूळ बसली. टेकू हलला होता, पण उभा होता. त्याच्या अलीकडे, उजेडात, निमगडे सर. पलीकडे, बंद भिंतीला पाठ टेकून, खोकणारे प्राचार्य.

“कोणीकडे पळालास बे?”

देवतळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग सरांकडे.

“सर... मग विभागाचं?”

सरांनी घण खाली ठेवला.

“कर ना बंद,” ते म्हणाले. “पण आधी तू बाहेर ये.”