हरबाने आवाज हलका केला

आंबेदरे गावात एक भोळा हरबा राहायचा. कुणी "थांब, आलोच" म्हणालं, की तो माणूस परत येईपर्यंत हरबा जेवायचासुद्धा नाही.

त्याच्या दाजींचं, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचं, भोंग्यांचं दुकान होतं. लोक आपली सूचना, आमंत्रण फोनमध्ये बोलून आणायचे. पण फोनमधला आवाज एका जातीचा आणि भोंग्याच्या जुन्या डब्याला लागायचा दुसऱ्या जातीचा. दाजी तो कॉम्प्युटरवर घालायचे, एमपी थ्री करायचे, मग गावभर वाजायचा. बहीण म्हणाली, "माझ्या भावाला शिकवा की. तिकडं म्हशीसुद्धा त्याचं ऐकत नाहीत." दाजींनी ठेवून घेतलं.

गुरांच्या डॉक्टरांनी लसीकरणाची सूचना बोलून फोन दुकानात ठेवला. दाजी म्हणाले, "हरबा, फाईल फार जड झालीय. हलकी कर."

दाजी जेवून आले, तर फोन शेजारच्या किराणा दुकानात तराजूवर. कव्हर काढलेलं, काच काढलेली, मागचं झाकणही काढलेलं.

"झालंच दाजी. आता बॅटरी काढली की हलका!"

दाजींनी कपाळाला हात लावला. "अरे, वजनानं नव्हे! माणूस बोलता बोलता मध्ये गप्प बसतो ना? ती शांतता कापायची. शांतता आली की काप!"

"बरं."

पुढं दूध डेअरीचे चेअरमन वारले. शाळेच्या मैदानावर शोकसभा भरली. भोंगा दाजींचा, बटणावर हरबा. गुरुजी म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू." सगळं गाव मान खाली घालून उभं राहिलं. हरबानं पाहिलं, तर इकडून तिकडून शांतताच शांतता. त्यानं झटकन वरातीचं गाणं लावलं.

चेअरमनांचा मुलगा रडता रडता थांबला. मागच्या रांगेत दोघांचे पाय जरा हललेही.

दाजींनी त्याला कानाला धरून घरी आणला. "अशा जागी साधी खरखर चालत नाही, आणि तू ढोल वाजवतोस? नको तो आवाज आधी काढायचा. खरखर, खोकला, सगळं काढायचं!"

"बरं."

मग आले तात्या. वय झालेलं, त्यात दमा. नातीच्या लग्नाचं आमंत्रण त्यांनी स्वतःच्या आवाजात बोलून दिलं. हरबानं दिवसभर बसून ते साफ केलं. संध्याकाळी भोंग्याची रिक्षा गावभर फिरली आणि एक शब्द न बोलता परत आली.

"अरे, फाईल रिकामी कशी?" दाजी ओरडले.

"खरखर काढली, खोकला काढला. मग तात्यांचं काही उरलंच नाही."

"आणि मूळ फाईल?"

"तिच्यातूनच तर काढलं."

बिचारे तात्या काठी टेकत घरोघर आमंत्रण देत फिरले. दाजी रडकुंडीला आले. "हरबा, मुळाला कधी हात लावायचा नाही! मूळ कुलपात ठेवायचं, लोकांना कॉपी ऐकवायची. म्हण!"

हरबा झोप लागेपर्यंत म्हणत राहिला.

आणि मग गावाच्या नव्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन आलं. आमदार येणार होते. सरपंच कालिंदीताईंचं पहिलंच मोठं भाषण. त्यांनी घरी केलेला सराव फोनमध्ये रेकॉर्ड करून दाजींकडं पाठवला होता, आवाज कसा वाटतो ते बघायला. दाजी टाकीवर भोंगा बांधायला चढले. ताई नवी पैठणी नेसून लवकर आल्या.

"हरबा, मी कुठं उभी राहू रे?"

"तुम्ही आत बसा ताई," हरबा अदबीनं म्हणाला.

आमदार आले. हार घातला. आणि भोंगा कडाडला, "सन्माननीय आमदारसाहेब... अहो, दूध उतू चाललंय, बघा की!... सन्माननीय आमदारसाहेब, आपण वेळात वेळ काढून... कसला वेळ काढतोय हा! मतं मागायला तेवढा उगवतो..."

आमदारांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. गाव तोंडाला पदर न् रुमाल लावून बसलं. टाकीशेजारच्या ग्रामपंचायतीच्या अडगळीच्या खोलीचं दार आतून धडाधडा वाजायला लागलं.

दाजी शिडीवरून जवळजवळ पडतच खाली आले. "हरबा! अरे, ताई कुठायत?"

हरबानं खिशातून किल्ली काढून अभिमानानं दाखवली.

"काळजी करू नका दाजी. लोक कॉपी ऐकतायत. मूळ कुलपात आहे."