खिडकीत बसायचा पगार

सांगलीच्या एका कंपनीत ऊर्मिला शेडगे कामाला होती. गावोगावच्या दूध डेअऱ्यांच्या सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर चढवायचं तिचं काम. एकेका सर्व्हरवर हातानं चढवताना दिवस मोडायचा, म्हणून तिनं छोटी स्क्रिप्ट लिहिली. आता एक बटण दाबलं की सगळीकडे आपोआप चढायचं. दाबण्याआधी मात्र ती खिडकीबाहेर तरंगणारा सावरीचा कापूस बघत बसायची, अर्धी जागी, अर्धी स्वप्नात.

तिच्या वरच्या मोकाशी साहेबांना ते खुपलं. साहेब म्हणजे नुसती ऐट!

"काम स्क्रिप्ट करते आणि पगार तू खातेस? उद्यापासून येऊ नकोस. बटण मी दाबीन."

पोरीची नजर कापसावरच. हळूच म्हणाली, "दाबा की साहेब, आत्ताच दाबा. फक्त एक आहे, स्क्रिप्ट चूकसुद्धा तेवढ्याच इमानानं सगळीकडे पोचवते. एखादी राहिली असेल, तर पहाटे सगळ्या डेअऱ्या एकदम बंद. किटल्या घेऊन खोळंबलेल्यांना तुमचा नंबर देऊन जाते. तीच चूक मनात शोधत मी इथं बसते."

बटणावर गेलेलं साहेबांचं बोट मागं आलं.

"आज आहे का एखादी?"

"अजून बघून व्हायचंय."

साहेबांनी स्वतः उठून खिडकीचा पडदा पुरता बाजूला सारला.

"बस बाई. सावकाश बघ."