तानाक्काच्या मुठीतला गूळ

लई वर्षं झाली त्याला. बोरखिंडीच्या शाळेला तेव्हा एकच खोली होती, आणि त्या खोलीचं आढं वाळवीनं आतून पोखरलं होतं. ते गावाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण शाळा समितीची बैठक भरायची चावडीत, आणि चावडीचं छप्पर कसं ठणठणीत होतं.

गावाची रीत अशी की ठराव झाला की गूळ वाटायचा. सगळ्यांनी खडा तोंडात टाकला की ठराव पक्का. एकाचा जरी राहिला, तरी काम अडलं.

त्या साली जत्रेतून उरलेल्या पैशांचं काय करायचं, हे ठरत होतं. दौलू पाटलांच्या मनात शाळेपुढं दगडी कमान होती, वर समितीच्या माणसांची नावं. आढं काय, धरेल की अजून एक पावसाळा! सगळ्यांनी माना डोलावल्या आणि गूळ फिरला. समितीत एक बाई हवी असा वरून हुकूम आला होता, म्हणून तानाक्काला घेतलेलं. तिनं गूळ खाऊन घरी जावं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा.

तानाक्कानं खडा घेतला आणि मूठ मिटली. तिची नात शेवंता नेमकी त्या आढ्याखाली बसायची. पोरीच्या केसांतून रोज लाकडाचा भुसा निघायचा, आणि तो विंचरताना म्हातारीचा जीव थाऱ्यावर राहत नसे.

"उद्या ते आढं पडलं, तर हा गूळ मी थुंकू कुठं?" एवढंच ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं मूठ उघडली नाही. एका हातानं भाकरी थापली, एका हातानं धार काढली. ऐन उन्हाळ्यात तो गूळ पाघळला नाही, मुंगीसुद्धा त्या हाताकडं फिरकली नाही, असं म्हणतात. कमानीसाठी आधीच आणून टाकलेले दगड शाळेपुढं नुसते पडून राहिले. आणि तानाक्का रोज शाळेत जाऊन शेवंताशेजारी बसू लागली. नातीवर कोसळायचं ते आधी आपल्यावर कोसळू दे, असं तिनं मनाशी धरलं होतं.

शेवटी पाटील स्वतः शाळेत समजूत घालायला आले.

"तानाक्का, हट्ट सोडा आता. हात दुखत नाही का?"

"दुखतो की. बसा, पाटील. इथं बसून बोला."

बसले बिचारे, पोरांच्या रांगेत मांडी घालून. तोंड उघडतात तोच पागोट्यावर भुसा पडला. त्यांनी वर बघितलं. जन्मात पहिल्यांदाच त्या छपराकडं खालून बघत होते ते. वर बारीक करकर ऐकू येत होती.

"पोरांनो, बाहेर चला," पाटील हळूच म्हणाले, आणि धाकट्यांना त्यांनी स्वतः उचलून नेलं. तानाक्का सगळ्यांच्या मागून निघाली. अंगणात आल्यावर तिनं मूठ उघडली आणि खडा शेवंताच्या हातावर ठेवला. त्याच क्षणी आढं खाली आलं. ती मूठ मिटलेली होती तोवर ते थांबलं होतं, असं म्हणतात.

कमान कधी झालीच नाही. तिचे दगड नव्या खोलीच्या पायाला गेले, आणि नावं कुणाचीच कोरली नाहीत.

आजही बोरखिंडीत समितीची बैठक वर्गातच भरते, पोरांच्या जागेवर, जमिनीवर. काहीही ठरवायचं असो, आधी सगळे वर बघतात. मग गूळ वाटला जातो. पहिला खडा शाळेतल्या सगळ्यात लहान पोराला देतात, आणि ते पोर खाईपर्यंत मोठी माणसं मूठ मिटून बसून राहतात.