मुठीएवढी फट

भुरी नदीच्या या बांधाची मोरी बघितलीत? फळी पुरती उतरवली तरी खाली मूठभर फट राहते. पाहुणे हसतात, सुताराचं माप चुकलं म्हणतात. चुकलेलं नाही, बाबांनो. जरा सावलीला या, सांगतो.

फार मागं पावसानं लागोपाठ तीन वर्षं दगा दिला, असं सांगतात. उंबरवाडीचा पाटकरी होता भिवसन. मोरी उघडायची, बंद करायची, पाणी वाटायचं, हे त्याचं काम. सागाची फळी त्यानंच घडवली होती आणि कडांना अंबाडीचा वाख ठासला होता. थेंब झिरपायचा नाही, याचा त्याला कोण अभिमान!

त्या वैशाखात बांधात गुडघाभर पाणी उरलं. पंचांनी मोरी बंद करायला सांगितली. खालच्या रेवखेड्यानं आपलं बघावं म्हणाले. भिवसननं मुकाट फळी टाकली. आठव्या दिवशी रेवखेड्याला दिलेली त्याची लेक ठगूबाई तान्हं पोर घेऊन आली. पाण्यासाठी वाळूत झिरे खणून तिची नखं गेली होती, अंगावरचं दूध आटलं होतं.

"आबा, तुमची फळी फार चांगली झाली हो," ती म्हणाली. "आमच्याकडं एक थेंब येत नाही."

भिवसन पंचांच्या पाया पडला, म्हणे. कोण ऐकणार? त्यांचीही पोरं तहानलेलीच होती. मग त्यानं मोरीत उतरून फळी उचलली. माणसं धावली, वरून फळी दाबू लागली, तसा त्यानं खाली हात घातला. फळी मुठीवर बसली; फटीतून धार चालूच राहिली. हात काढ म्हणून सगळ्यांनी विनवलं, शिव्या दिल्या. ओढायला गेलं की तो दुसराही हात आत घालायचा. असे तीन दिवस गेले. चौथ्या सकाळी त्यानं तिथंच प्राण सोडला.

हात सोडवला, पण फळी पुन्हा टाकायला कुणी धजेना. पाणी तर डोळ्यांदेखत उतरत होतं. तेव्हा ठगूबाई पुढं आली.

"टाका फळी, तुमचीही पोरं आहेत. पण खालून मूठभर कापा. आबांची मूठ मापाला उरली नाही, माझी घ्या."

अर्ध्या तहानेवर का होईना, दोन्ही गावं पावसापर्यंत तगली.

आजही नवी फळी करताना सुतार मापाचा गज हातात घेत नाही. रेवखेड्यात नांदणारी उंबरवाडीची एखादी लेक बोलावतात. ती लाकडावर मूठ टेकवते, आणि कोळशाची रेघ ओढून होईपर्यंत दोन्ही गावांत कुणी पाणी पीत नाही.