खालच्या थरातले आंबे

एकदा एका आंब्याच्या बागेत एक म्हातारा राहायचा. दात सगळे पडलेले, पण खोड्या एकूण एक शाबूत. लांब काठीच्या टोकाला जाळी बांधतात ना, तो झेला, तो हातात घेतला की आंबा असा अलगद उतरवायचा की झाडालासुद्धा पत्ता लागत नसे. त्याच्या हाताखाली दोन पोरं शिकत होती, भागोजी आणि शिवराम. भागोजी कोंबड्याला उठवणारा. शिवरामला उठवायला कोंबडा पुरत नसे, त्याच्या आईला लाटणं घेऊन यावं लागायचं.

बाग होती शेठची. उतरवलेले आंबे पिकायला शेठच्या खोलीत जायचे. तिथं आढी लावायची. म्हणजे खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबे, परत पेंढा, परत आंबे. असे थरावर थर. शेठची खोली लहान आणि हाव मोठी, त्यामुळं आढी छातीएवढी उंच. म्हातारा म्हणायचा, "शेठ, उंच नका लावू." शेठ म्हणायचा, "मग काय तुमच्या डोक्यावर ठेवू?"

कुणाचा आंबा कुठला ते कळावं म्हणून शेठनं एक युक्ती काढली होती. भागोजीच्या आंब्याला देठाशी चुन्याचं बोट, शिवरामच्या आंब्याला लाल कावेचं. आढी उघडली की शेठ एकेक आंबा हुंगत बसायचा.

"बघा आजोबा, बघा! कुजका काढावा तर चुन्याचा! परत कुजका, परत चुन्याचा! तुमचा हा भागोजी आंबे उतरवतो की आपटतो? पुढच्या आढीलाही हेच दिसलं तर त्याला घरी पाठवतो. शिवराम एकटा बास."

भागोजी दारातच उभा होता. त्यानं ऐकलं आणि जाऊन फणसाखाली बसला, दोन्ही हात काखेत लपवून. म्हातारा त्याच्या मागं गेला.

"काय रे मेल्या, थंडी वाजते की काय? चैत्र आहे!"

"आजोबा, माझा हातच जड आहे. शेठ खरं बोलतात. मला दुसरं काही येत नाही, आणि हेसुद्धा येत नाही."

"बघू हात." म्हाताऱ्यानं हात ओढून घेतला, उलटासुलटा केला. "हा जड? माझ्या सुनेची भाकरी ह्याच्या दुप्पट जड आहे. मी ती रोज खातो आणि वर चांगली झाली म्हणतो. ऊठ. उद्या तुम्ही दोघंही बागेत यायचं नाही. झोपा काढा."

मागनं आलेला शिवराम म्हणाला, "आजोबा, हे काम मला जमेल."

"ठाऊक आहे रे बाबा."

दुसऱ्या दिवशी म्हातारा एकटाच एका बुटक्या झाडाखाली गेला. सगळे आंबे त्यानं स्वतःच उतरवले. मग टोपलीभर आंब्यांना चुन्याचं बोट लावलं, टोपलीभर आंब्यांना कावेचं. चुन्याचे खाली लावले, कावेचे वर. आणि तोंड असं करून बसला, जसं मांजर दुधाच्या पातेल्यापासून लांब बसतं.

आठेक दिवसांनी आढी उघडली. शेठ ओरडलाच.

"सांगितलं नव्हतं? चुन्याचे कुजले, कावेचे झकास! आता तरी पटलं?"

"पटलं की," म्हातारा म्हणाला. "चुन्यावाल्याला हाकलायलाच पाहिजे."

"हाकलाच!"

"आणि कावेवाल्याला फेटा बांधायचा?"

"बांधतो की! आजच बांधतो!"

म्हाताऱ्यानं डोकं पुढं केलं. "बांधा मग. आणि बांधून झाला की लाथ मारून हाकला. दोघंही मीच."

शेठच्या हातातला आंबा तसाच राहिला. म्हाताऱ्यानं सगळं सांगितलं, तेव्हा कुठं त्याचं तोंड मिटलं.

"म्हणजे... हाताचं नाही?"

"शेठ, भागोजी पहाटे येतो. त्याची टोपली पहिली, म्हणून त्याचे आंबे तळाला. वरनं सगळ्या आढीचं ओझं आणि आत ऊब. शिवराम ऊन डोक्यावर आल्यावर येतो, त्याचे आंबे वर गादीवर झोपल्यासारखे. तळातल्याची आणि गादीवरच्याची बरोबरी लावता, आणि म्हणता हा जड, तो हलका. आंबा थरात असतो, थर आढीत असतो. जोखायचंच असेल तर एका थरातल्याला त्याच थरातल्याशी जोखा."

शेठला पटलं. पटलं की माणूस घाई करतो. पुढच्या वेळी त्यानं स्वतः उभं राहून दोघा पोरांचे आंबे एकाच थरात अर्ध्या भागात लावून घेतले, मिसळून. उरलेल्या अर्ध्या भागात म्हाताऱ्यानं स्वतःचे काही आंबे लावले आणि पेंढा ओढून टाकला.

"हे काय?" शेठनं विचारलं.

"आता नाही सांगत."

आढी उघडली. पोरांच्या बाजूला दोघांचेही थोडेथोडे कुजले होते, पण कावेचे जरासे जास्त. शेठनं मांडीवर थाप मारली.

"अरेच्चा! खरा चोर शिवराम निघाला! भागोजी, तू राहा. शिवराम, तू घरी जा!"

शिवरामची झोप त्या दिवशी पहिल्यांदा खाडकन उडाली. "आजोबा!"

"ओरडू नको, सवय नाही तुला," म्हातारा म्हणाला. "शेठ, हा पलीकडचा पेंढा बाजूला करा बघू."

तिथंही आंबे होते. काहींना चुना, काहींना काव. तिथंही कावेचे जरासे जास्त कुजलेले. उलट, हा फरक पोरांच्या बाजूपेक्षा थोडा मोठाच.

"हे कुणी उतरवले?" शेठनं विचारलं. पण विचारतानाच त्याच्या लक्षात आलं. "दोन्ही तुम्हीच."

"एक झाड, एक झेला, एक म्हातारा. तरी एवढा फरक पडला. आता तुम्ही माझ्यातल्या कुठल्या म्हाताऱ्याला घरी पाठवणार?" म्हातारा खाली बसला आणि पहिल्यांदाच न हसता बोलला. "फरक दिसला की लगेच माणूस धरू नये, शेठ. एकाच हाताचे दोन वाटे केले तरी ते सारखे निघत नाहीत. आंब्याचा स्वभावच आहे तो. आधी हे बघायचं की माझ्यातमाझ्यातच किती फरक पडतो. दोन माणसांतला फरक त्याहून चांगला मोठा असेल, तर मग बोलायचं. तेवढाच असेल तर आंबा खायचा आणि गप बसायचं."

शेठनं एक चांगला आंबा उचलला, सोलला आणि गप बसला. मग म्हणाला, "दोघंही राहू देत. आणि आढी आता गुडघ्याएवढीच लावा."

शिवराम तिथनं पळाला, न जाणो शेठचं मन परत बदललं तर. भागोजी मात्र मागं राहिला. पेंढा गोळा करता करता त्यानं विचारलं, "आजोबा, मग माझा हात चांगला की शिवरामचा?"

"मला काय ठाऊक!"

"असं काय? तुम्हीच तर एवढं सगळं केलंत."

"एवढं केलं, त्यातनं एवढंच कळलं की अजून कळलेलं नाही. दोघं सारखे आहेत असं कुठं म्हणालो मी? आणखी आढ्या लागतील, आणखी उघडतील. तेव्हा बघू."

भागोजीला वाटलं होतं, असं उत्तर ऐकून वाईट वाटेल. पण बरं वाटलं. ज्याचं अजून कळलेलंच नाही, त्याला कुणी घरी पाठवत नाही. त्यानं हात झटकले आणि पेंढ्याचा भारा उचलला. दोन्ही हातांनी, न लपवता.

तेव्हा मंडळी, शेजारणीच्या पोराचे मार्क आपल्या पोराला ऐकवण्याआधी बघून घ्या, कोण कुठल्या थरात झोपलंय. आणि आपलंच पोर कालच्यापेक्षा आज किती वेगळं निघतं, तेही.