धुरपदाची घेटुळी

फार वर्षांपूर्वी, गोदावरीला अजून कुठंच धरण नव्हतं तेव्हा, चिंचडोह गावात धुरपदा नावाची भोईण राहायची. पावसाळा सरून नदीचं पात्र उघडं पडलं की भोई लोक वाळूत टरबुजं लावायचे. धुरपदाचाही तिथं मळा होता. घरात तिघंच माणसं: ती, मुलगा मसाजी आणि सून सोजर. धुरपदा उंच होती, हाडानं काटक होती आणि कामापुरतंच बोलायची, असं म्हणतात.

त्या वाळूत घेटुळी उगवते. भुईला धरून पसरते, पानं गोलसर, फुलं मुगाच्या दाण्याएवढी. कोवळ्या पानांची भाजी करतात. तेव्हा गावाला तिच्या दोनच जाती ठाऊक होत्या, तांबड्या देठाची आणि पांढऱ्या देठाची. पांढरी जरा कडसर लागते, पण दोन्ही खाण्यातल्या.

मग एक साल असं आलं की पाऊस फिरकलाच नाही. नदी डोहापुरती उरली, टरबुजाचे वेल करपले, कणग्यांचे तळ खरवडून झाले. बायका टोपल्या घेऊन वाळूत उतरल्या. सोजरला तेव्हा दिवस गेले होते. धुरपदानं सुनेसाठी लांबवर फिरून सगळ्यांत टपोरी, रसरशीत पानं वेचली, स्वतः रांधली आणि सगळी तिच्याच ताटात वाढली. आपण चाखलीसुद्धा नाहीत. पाणी पिऊन उठली.

दुपारी सोजरच्या पोटात मुरडा उठला. दिवस मावळायच्या आत पोटातलं पोर गेलं.

कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं नदी कोपली. सोजर बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. उठली तेव्हा सासूला एवढंच म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या हातचं आता माझ्या घशाखाली उतरायचं नाही." तिनं आपली चूल वेगळी मांडली. मसाजी दोन चुलींच्या मधे मान खाली घालून बसायचा.

धुरपदा वाळूत गेली. जिथं जिथं घेटुळी दिसली तिथं तिनं काडी रोवली आणि आपल्या लुगड्याची चिंधी फाडून बांधली. प्रत्येक रोपाचं एक पान ती खायची आणि काय होतं ते बघत बसायची. कधी काहीच व्हायचं नाही. कधी ती ओकायची, पोट धरून लोळायची, आणि उठून त्या काडीला आणखी एक गाठ मारायची. तिच्या जिभेवर हिरवा डाग पडला तो मरेपर्यंत गेला नाही, असं म्हणतात. वाळूतला साप तिला बघून वाट सोडायचा, असंही म्हणतात.

मग रोपं फुलली, त्यांना बी धरलं, आणि तिला कळलं. जादा गाठीच्या काड्यांपाशी होती ती घेटुळी नव्हतीच. खऱ्या घेटुळीचं बी लांब दांडीवर येतं आणि चालताना लुगड्याला चिकटतं. या तिसरीचं बी पानाच्या काखेत लपून बसतं. कोवळेपणी बी नसतं, तेव्हा वाळू उकरून बघायचं. घेटुळीचं मूळ जाड आणि खोल, हिचं बारीक. वर बघाल तर दोघी बहिणी, उलट हीच जास्त टवटवीत. धुरपदानं तिचं नाव ठेवलं सवत.

त्या दिवसापासून ती नदीच्या उताराशी बसू लागली. वर येणाऱ्या प्रत्येक बाईची टोपली ओतायला लावायची, काडी न् काडी बघायची, सवत निघाली की बाजूला फेकायची. एक बाई तोंडावर म्हणाली, की जिनं घरचं पोर घालवलं ती आम्हाला भाजी शिकवते. धुरपदानं खाली बघून तिची टोपली निवडली आणि परत भरून दिली. त्या सालात गावात पुन्हा कुणाला मुरडा उठला नाही.

दुसऱ्या सालीही पावसानं ओढ दिली. सोजरला पुन्हा दिवस गेले होते. घरात दाणा नव्हता आणि पाल्याला ती हात लावेना. गालाची हाडं वर आली. एक दिवस सकाळीच धुरपदानं घेटुळी रांधली, ताट घेऊन सुनेच्या दाराशी बसली आणि तिच्यादेखत त्यातली निम्मी खाल्ली.

"मी हितंच बसते," ती म्हणाली. "दिवस कलेपर्यंत मला काई झालं तर ही फेकून दे."

ती उन्हातच बसून राहिली. सोजर आतून बघत होती. ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं, अंगणातून कुडावर चढलं. धुरपदाला काही झालं नाही. तेव्हा सोजर बाहेर आली, सासूसमोर बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, वाढा."

मुलगी झाली. चिंचडोहातली निम्मी भोयांची घरं तिच्याच वंशातली, असं म्हणतात.

धुरपदा खूप म्हातारी झाली. डोळे गेले, तरी बोटांनी मुळं चाचपून ती टोपल्या निवडायची. एका पावसाळ्यात मोठा पूर आला. पाणी चढत असताना ती उताराशीच बसली होती आणि हाका मारूनही उठली नाही. देह सापडला नाही. पण पूर ओसरल्यावर नव्या वाळूत, तिच्या बसायच्या जागेपासून थेट डोहापर्यंत, पावलापावलाच्या अंतरावर तांबडी घेटुळी उगवली होती आणि त्यात सवतीचं एकही रोप नव्हतं, असं म्हणतात.

चिंचडोहात आजही ही भाजी शिजली की पहिलं ताट सासूला वाढतात. बाहेरगावहून आलेल्या नव्या सुनेला आधी वाटतं, हा सासूचा मान असेल. मग सासू जेवून ओट्यावर जाऊन बसते, आणि दिवस कलेपर्यंत घरात दुसऱ्या कुणाला ती भाजी वाढत नाहीत. आता बाजारात मेथी-पालक मिळतो, वाळूतली भाजी आणतात ती वर्षातून एखाद्या वेळी. तरी बसतात. भाजी तोवर गार होते. गारच खातात.